मधली वर्षं : जुन्या बडोद्यात मुलं-मुली कशी मोठी होत

आजचं जरा लांबलंय, चहा घेऊन बसा.

रावपुऱ्याच्या टॉवरखाली आपण सगळेच कधी ना कधी कुणाची तरी वाट बघत उभे राहिलो आहोत. टॉवर १८९६ सालचा. पण तो ज्यांच्या नावाचा, त्या चिमणाबाई राणीसाहेब किती वर्षं जगल्या असं विचारलं तर भलेभले बडोदेकर गडबडतात. बरेचजण तर पहिल्या आणि दुसऱ्या चिमणाबाईंची गल्लत करतात. टॉवर पहिल्या चिमणाबाईंचा, म्हणजे तंजावरच्या लक्ष्मीबाईंचा. जन्म १८६४ चा, सयाजीराव महाराजांशी लग्न जानेवारी १८८० मध्ये, आणि १८८५ च्या मे महिन्यात त्या गेल्यासुद्धा. विशी जेमतेम ओलांडलेली, आणि तेवढ्यात तीन बाळंतपणं झालेली. ही राजवाड्यातली गोष्ट, जिथे डॉक्टर हाकेच्या अंतरावर होते. आपल्या पोळांतून आणि वाड्यांतून काय होत असेल?

माझी नात नववीत आहे. तिच्या शाळेतून पालकांसाठी ‘किशोरवयीन आरोग्य’ असा मथळा असलेलं चार पानी पत्रक आलं. उंची, वजन, पाळी, मुरुमं, चिडचिड, झोप, मोबाइल, मैत्री, सगळं त्यात होतं. चांगलं होतं. वाचताना मात्र डोक्यात वेगळाच किडा वळवळायला लागला. हे ‘किशोरवय’ आपल्या घरांत आलं कधी? लहानपण होतं, मोठेपण होतं, हे मधलं सात-आठ वर्षांचं वय आमच्या आजीला कुठे होतं? माझा पेशा आकडेमोडीचा. म्हणून म्हटलं, बडोद्यापुरता तरी याचा हिशेब मांडून बघू.

आधी भाषा बघा. आपल्या मराठीत या वयातल्या घटनांना शब्द भरपूर आहेत, वयाला मात्र बोलीतला शब्द नाही. मुलगी ‘शहाणी झाली’, तिला ‘न्हाण आलं’, ‘पदर आला’. महिन्याच्या महिन्याला ‘कावळा शिवला’. मुलाला ‘मिसरूड फुटलं’, त्याचा ‘आवाज फुटला’. न्हाण आलं की मखर, ओटी, गोडधोड, गाणी. म्हणजे ज्या गोष्टीबद्दल पुढे आयुष्यभर कुजबुजायचं, ती पहिल्यांदा घडली की सगळ्या आळीला आमंत्रण! कारण उघड आहे. लग्न आधीच झालेलं असे. आता मुलीला सासरी नांदायला पाठवायची वेळ झाली, याची ती जाहिरातच होती. कालपर्यंत परकर नेसून सागरगोटे खेळणारी पोर आज नऊवारीत. मध्ये पायरीच नाही. मुलाला उलट पंचविशीपर्यंत गाढवपणा करायची सूट, त्यासाठी ‘गद्धेपंचविशी’ असा झकास शब्दही आहे. मुलींसाठी तसा शब्द मला आजवर सापडलेला नाही. ‘किशोर’ हा शब्द तर आमच्या पिढीच्या घरांत रुळला तो बालभारतीच्या १९७१ साली सुरू झालेल्या ‘किशोर’ मासिकामुळे. तोवर तो पुस्तकात किंवा गायकांच्या नावात.

आता कायदा. बी. कॉम. ला मर्कंटाइल लॉ शिकलेल्या प्रत्येकाला १८७५ चा मेजॉरिटी अ‍ॅक्ट आठवत असेल. अठरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय माणूस सज्ञान नाही. त्याच्या सहीला किंमत नाही, त्यानं केलेला करार करारच नव्हे. बँकेत आम्ही या एका आकड्यावर किती कागद परत केले असतील! पण त्याच कायद्याचं दुसरं कलम वाचा. लग्न, मेहेर, घटस्फोट आणि दत्तक या बाबींना हा कायदा लागू नाही, असं तिथे सरळ लिहिलेलं आहे. म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानात सतरा वर्षांच्या मुलाला दहा रुपयांची प्रॉमिसरी नोट लिहून देता येत नव्हती, पण दहा वर्षांची मुलगी बायको होऊ शकत होती. सरकारला धर्माच्या मधमाश्या उठवायच्या नव्हत्या, हे समजू शकतं. तरी ते कलम वाचलं की अजून खटकतं.

त्या मधमाश्या १८९१ मध्ये उठल्याच. कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी पस्तिशीतल्या नवऱ्याच्या जबरदस्तीनं मेली, आणि संमतिवयाची मर्यादा दहाची बारा करण्याचा कायदा आला. पुण्यात रण पेटलं. डॉ. भांडारकरांनी धर्मशास्त्रातलीच वचनं काढून दाखवलं की ऋतुप्राप्तीनंतरचं लग्न धर्मबाह्य नाही. टिळकांनी कायद्याला विरोध केला, परक्या सरकारनं आमच्या घरात पाय घालू नये म्हणून. गंमत अशी की आदल्याच वर्षी टिळकांनी स्वतः सूचना मांडली होती, सुधारकांनी आपल्या मुलींची लग्नं सोळाच्या आत आणि मुलांची विसाच्या आत करणार नाही असं स्वतःवर बंधन घालून घ्यावं. सोळा! सरकार बारा म्हणत होतं. त्या वादाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, त्यात मी शिरत नाही. मला एवढंच दिसतं की दोन्ही बाजूंना वचनं पाठ होती, आणि ज्या शरीरावर वाद चालला होता त्या शरीराला बाराव्या वर्षी काय झेपतं, हा प्रश्न कोपऱ्यात उभा होता.

तो प्रश्न विचारणाऱ्या दोन बायका आपल्याच होत्या. आनंदीबाई जोशींना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. त्या अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाल्या आणि तिथे प्रबंध लिहिला तो हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर. दुसऱ्या रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न झालेलं. मोठ्या झाल्यावर त्यांनी नांदायला जायला नकार दिला, आणि १८८४ पासून मुंबईच्या कोर्टात गाजलेला खटला चालला. ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावानं इंग्रजी वर्तमानपत्रात त्यांनी लिहिलेली बालविवाहावरची पत्रं तेव्हा खळबळ माजवून गेली. पुढचा भाग आपण गुजरातेतल्या मराठी लोकांनी तरी लक्षात ठेवायला हवा. लंडनला डॉक्टरकी शिकून आल्यावर रखमाबाईंनी उभी हयात गुजरातेत काढली. आधी सुरतेला बायकांच्या दवाखान्यात, मग राजकोटला, १९२९ पर्यंत. ज्या वयाबद्दल त्यांनी कोर्टात झगडा केला, त्याच वयाच्या बाळंतिणी पुढची पस्तीस वर्षं त्यांच्या टेबलावर येत राहिल्या असणार.

डॉक्टर मंडळी सांगतात ते साधं आहे. मुलीची उंची झपाट्यानं वाढते ती पहिल्या पाळीच्या आधी. पाळी आली म्हणजे वाढ संपली असं नव्हे. कमरेची हाडं, ज्यातून मूल बाहेर यायचं ती, त्यानंतरही काही वर्षं रुंदावत असतात. म्हणजे न्हाण ही वाढीच्या मधली खूण, शेवटची नव्हे. आपल्या पूर्वजांनी ती शेवटची धरली. त्यात मुलगी स्वतःच वाढत असताना पोटातल्या मुलालाही वाढवायचं, रक्त दोघांना पुरवायचं. अडलेल्या बाळंतपणात बाई आणि मूल दोन्ही जात. जी जगली तिच्याबद्दल आपण म्हणायचो, ‘सुटली बिचारी.’

आता येतो आपल्या बडोद्यावर. सयाजीराव स्वतः कवळाण्याच्या शेतकरी घरातून बाराव्या वर्षी गादीवर आले. अक्षरओळख बेताचीच. मग राजा सर टी. माधवराव दिवाण, इलियट साहेब शिक्षक, आणि सहा वर्षं कसून अभ्यास, घोडा, मल्लखांब, कुस्ती. अठरा पूर्ण झाल्यावर डिसेंबर १८८१ मध्ये राज्याची पूर्ण मुखत्यारी. मला तर वाटतं, बारा ते अठरा ही वर्षं शिकण्यासाठी राखून ठेवायची असतात हे महाराजांना पुस्तकातून नव्हे, स्वतःवरून कळलं होतं. त्याच वयाच्या आपल्या पहिल्या राणीला ती वर्षं मिळाली नाहीत हेही त्यांनी पाहिलं होतं.

१९०४ मध्ये त्यांनी बालविवाह प्रतिबंधक निबंध आणला. बडोदे राज्यात कायद्याला ‘निबंध’ म्हणत, जुन्या कागदांत हाच शब्द दिसतो. मुलीला बारा, मुलाला सोळा. म्हैसूरनं १८९४ मध्येच असा कायदा केला होता, पण तिथे मुलीची मर्यादा फक्त आठ. बडोद्याचं पाऊल पुढचं होतं. तरी लोकांनी आरडाओरड केली, आणि अडचण दाखवून अर्ज केला तर सूट मिळण्याची सोय ठेवावी लागली. लग्न रद्द होत नसे. आईबापांना दंड होई.

हा दंड म्हणजे माझ्या दृष्टीनं खरी शिकवण आहे. लोकांनी तो सरळ लग्नाच्या खर्चात धरला! मांडव इतका, आचारी इतका, वाजंत्री इतके, दंड इतका. हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर महाराजांनी ज्याला अपराध ठरवलं, त्याला रयतेनं ‘किरकोळ खर्च’ या खात्यात टाकलं. कडी प्रांतात, म्हणजे हल्लीच्या मेहसाण्याकडे, कडवा पाटीदारांची पद्धत तर और होती. उंझ्याच्या उमिया मातेच्या देवळातून दर नऊ-दहा-अकरा वर्षांनी लग्नाचा मुहूर्त निघायचा, आणि तो चुकला की पुढच्या मुहूर्तापर्यंत थांबणं. मग पाळण्यातल्या पोरांची लग्नं उरकायची. वर मिळालाच नाही तर मुलीचं लग्न फुलांच्या गुच्छाशी लावायचे. गुच्छ विहिरीत टाकला की नवरा वारला असं धरून पुढे तिचं नातरं करायला मोकळे. अशा मुलखात ‘बारा वर्षं’ हा आकडा घेऊन उभं राहायला हिंमत लागत असणार.

दोन वर्षांनी, १९०६ मध्ये, दुसरा मोठा निबंध आला, सक्तीच्या मोफत शिक्षणाचा. अमरेली तालुक्यात १८९३ मध्ये प्रयोग करून बघितलेला होता, तो आता राज्यभर. याबद्दल आपल्याला सार्थ अभिमान आहे. आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. मुलांना सात ते बारा शाळा सक्तीची. मुलींना सात ते दहा. लग्न बाराच्या आत नाही. म्हणजे मुलीच्या आयुष्यात दहा ते बारा ही दोन वर्षं अशी उरली, ज्यात शाळेची सक्ती संपलेली आणि लग्नाची परवानगी आलेली नाही. त्या दोन वर्षांत ती काय करायची? धाकट्या भावंडांना कडेवर घ्यायची, दळायची, निवडायची, आणि ‘आता हिचं बघायला हवं’ हे ऐकायची. पुढे दोन्ही मर्यादा वाढत गेल्या. पण आपल्याकडे मुलींचं ‘मधलं वय’ असं जे काही सुरू झालं, ते मला या दोन वर्षांच्या फटीत दिसतं. कुणी ठरवून दिलेलं नव्हतं. दोन निबंधांच्या तारखा जुळल्या नाहीत म्हणून मिळालेलं.

आमची आजी त्या फटीतली. तिचं लग्न १९११ च्या सुमाराचं, आणि घरात त्याला ‘सरकारी बारा’ म्हणत. कारण आजीला बारावं लागलं होतं, पूर्ण झालं नव्हतं. आपल्याकडे वय ‘लागलेलं’ सांगायची पद्धत, सरकार ‘पूर्ण झालेलं’ विचारणार. तेव्हा जन्माचा दाखला कुठला? पत्रिका भटजींकडे, आणि भटजी घरचेच. आठ-दहा महिने इकडे-तिकडे सरकवणं काही अवघड नव्हतं. पहिलं मूल चौदाव्या वर्षी, ते गेलं. एकूण नऊ वेळा ती बाळंत झाली, पाच जगली. हे ती अगदी निर्विकारपणे सांगायची, पंचांग वाचावं तसं. एकदाच म्हणाली होती, ‘माझी बाहुली होती लाकडाची, ती सासरी न्यायची राहिली.’

मुलांकडे वळू. मुलांना या वयात बडोद्यानं एक जागा दिली, तालीम. जुम्मादादांचा आखाडा १८८० चा. उस्ताद जुम्मादादा मुसलमान, त्यांचे पट्टशिष्य आणि वारस गजानन यशवंत माणिकराव हिंदू, आणि दोघंही आजन्म ब्रह्मचारी. प्रोफेसर माणिकरावांनी आखाड्याचं रूप बदललं. एकेका पठ्ठ्याला घडवण्याऐवजी शेकडो मुलांनी एका तालात करायचा सांघिक व्यायाम त्यांनी बसवला, कवायतीचे हुकूम इंग्रजी सोडून देशी भाषेत आणले, हाडवैद्यकी केली. महाराजांनी त्यांना ‘राजरत्न’ केलं. डभोईला जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे त्यांच्या हाताखाली शिकले, आणि पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. शाळकरी मुलांना झेपतील असे यौगिक व्यायाम त्यांनी बसवले. मुजुमदारांनी संपादित केलेला दहा खंडांचा मराठी व्यायामज्ञानकोशही बडोद्याचाच. एवढं सगळं एका गावात, मराठीत. याशिवाय नारायणगुरूंची तालीम होतीच. मराठी घरातला मुलगा दहा-बाराचा झाला की पहाटे लंगोट घेऊन कुठल्या ना कुठल्या तालमीत जाणारच.

आमचे वडील जात. लाल माती, तिच्यात तेल, ताक, हळद. जोर, बैठका, मल्लखांब. घरी आले की पितळेच्या पेल्यात निरसं दूध आणि भिजवलेले बदाम. त्याला ‘खुराक’ म्हणत. दूध आणि बदाम हातात आणून द्यायची ती त्यांची थोरली बहीण, आमची मोठी आत्या. तिच्या वाट्याला चहा, आणि जेवण सगळ्यांच्या शेवटी. मुलीच्या अंगाला तूप-मेथी लागायची ती थेट बाळंतपणात. वाढत्या मुलाला खुराक लागतो हे सगळ्या गावाला कळत होतं. वाढत्या मुलीलाही लागतो, हे कळायला माहिती कमी पडली असं मला वाटत नाही. तिची वाढ ही आपल्या घरची बाब नव्हतीच, ती सासरची.

तालमीची एक बाजू मात्र स्पष्ट लिहायला हवी. मुलांच्या वयात येण्याबद्दल तिथे जे शिकवलं जाई ते ब्रह्मचर्याच्या भाषेत, आणि त्यात धाक मोठा. स्वप्नावस्थेसारखी अगदी नैसर्गिक गोष्ट म्हणजे तेज गळून गेलं, आयुष्य घटलं, असं पंधरा वर्षांच्या मुलाच्या मनावर ठसायचं. शरीर कमावलं जायचं, मन घाबरलेलं राहायचं. याच भीतीवर भिंतीभिंतींवरच्या ‘गुप्तरोग’वाल्या वैद्यांची दुकानं चालली, माझ्या लहानपणीसुद्धा जोरात होती. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’मधून या भीतीवर सरळ शास्त्राच्या भाषेत घाव घातले, वाचकांच्या प्रश्नांना आडपडदा न ठेवता उत्तरं दिली, त्यापायी खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. मासिक १९५३ पर्यंत, कर्वे जाईपर्यंत, चाललं. पण ते आपल्या घरांत उघड्यावर ठेवायचं मासिक नव्हतं.

मुलींच्या बाजूनं पुढचा धक्का दिला तो दुसऱ्या चिमणाबाईंनी. देवासच्या घाटग्यांची गजराबाई, १८८५ च्या डिसेंबरात लग्न, त्यांचंही वय तेव्हा चौदाच्या आसपास. त्यांनी पुढे पडदा टाकला, १९११ मध्ये हिंदी स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत ग्रंथ सहलेखनात काढला, आणि जानेवारी १९२७ मध्ये पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्ष झाल्या. परिषद शिक्षणासाठी बोलावलेली, पण शिक्षणाचा विषय निघाला की बालविवाह आडवा येणारच, तसा तो आला. पाठोपाठ अमरावतीच्या सर मोरोपंत जोशींच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती बसली, आणि १९२९ मध्ये शारदा कायदा झाला, मुलीला चौदा, मुलाला अठरा. अंमल १ एप्रिल १९३० पासून. मधल्या सहा महिन्यांत ब्रिटिश मुलखात लग्नांची अशी झुंबड उडाली की ३१ मार्चला बँकेत उडते ती आम्हाला काहीच नाही!

जाता जाता राजवाड्यातलीच एक गोष्ट, इंदूर-ग्वाल्हेरच्या मंडळींसाठी खास. चिमणाबाईंची मुलगी इंदिराराजे. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलेलं लग्न तिनं १९११ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, स्वतः पत्र लिहून मोडलं. शिंद्यांची एक राणी हयात होती. इंदिराराजेंना कूचबिहारचे जितेंद्र नारायण आवडले होते. आईवडिलांचा कडवा विरोध. शेवटी १९१३ मध्ये लंडनला लग्न झालं. मुलींना शिकू द्या, वाढू द्या म्हणणाऱ्या घरातली मुलगी खरोखरच वाढली, तर घरालाच ते पचलं नाही. मला यात महाराजांना खाली दाखवायचं नाही. वयात येणाऱ्या मुलीला मतही येतं, ही गोष्ट कुठल्याही कायद्याच्या मसुद्यात नव्हती, एवढंच.

परत आमच्या घरी. मोठी आत्या सातवी झाली, ‘शहाणी’ झाली, शाळा सुटली, चौदाव्या वर्षी लग्न. धाकटी आत्या तिच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. ती मॅट्रिक झाली, एक वर्ष शिकवण्या केल्या, विसाव्या वर्षी लग्न. एकच आई, एकच बाप, तोच दांडिया बाजारातला वाडा. फरक कुणी पाडला? कायद्यानं थोडा. शाळेनं थोडा. पण माझं पक्कं मत असं की मोठा वाटा नोकरीचा. बी. ए. होऊन, कारकुनी मिळवून मग लग्न करणारे मुलगे पंचविशीला पोचायला लागले. त्यांना अकरा वर्षांची पोर नको, पत्र लिहिता येणारी बायको हवी. मागणी बदलली तसा पुरवठा बदलला. आजोबा काही एकाएकी सुधारक झाले नव्हते. मोठी आत्या धाकटीकडे आली की तिच्या मॅट्रिकच्या सर्टिफिकेटची चौकट पदरानं पुसायची. दोघींपैकी कुणी त्यावर कधी बोललेलं मी ऐकलं नाही.

आमच्या पिढीला वय मिळालं, माहिती नाही. शाळेत शरीरशास्त्राच्या पुस्तकात प्रजननाचा धडा आला की सर म्हणायचे, ‘हा घरी वाचून घ्या.’ घरी कुणी कुणाला विचारायचं? माझी बहीण महिन्यातले चार दिवस बाजूला बसायची, आणि मला सांगितलं जायचं की कावळा शिवला. जुन्या कपड्यांच्या घड्या, त्या कुणाच्या नजरेस पडू नयेत म्हणून अंधाऱ्या न्हाणीत वाळत घालायच्या, उन्हात नाहीत. त्यानं खाज, जखमा, आजार होत असणार हे आज कुणीही सांगेल. पण बायका त्याबद्दल डॉक्टरकडे जात नसत, कारण डॉक्टर पुरुष.

१९४९ मध्ये आपली युनिव्हर्सिटी झाली, हंसाबेन मेहता कुलगुरू. त्यांनी होम सायन्सची फॅकल्टी काढली. तिथे लग्नाळू मुलींना स्वयंपाक शिकवतात, अशी थट्टा गावात बरीच वर्षं चालायची. त्याच फॅकल्टीत मुलांच्या वाढीचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला. तिथल्या प्रा. टी. एस. सरस्वती यांनी १९९९ मध्ये एका लेखात जो प्रश्न विचारला तो मला फार उशिरा वाचायला मिळाला, पण आजचं सगळं लिखाण त्याभोवतीच फिरतंय. भारतात किशोरावस्था हे मिथक आहे की उदयाला येणारं वास्तव? त्यांचं म्हणणं साधारण असं. जिथे मुलीनं लहानपणापासून जे काम करायचं तेच मोठेपणी करायचं असतं, तिथे मध्ये वेगळी अवस्था येतच नाही. बालपण सरळ प्रौढपणात मिसळतं. ही मधली वर्षं मुलींपेक्षा मुलांना जास्त, आणि गरिबांपेक्षा सुखवस्तूंना जास्त मिळतात. आमच्या दोन आत्यांना हे विनापुस्तक माहीत होतं.

आणि खुराक? २००० च्या सुमाराला आपल्या वडोदरा जिल्ह्यातल्या शाळांतून मुलींना आठवड्यातून एकदा लोहाची गोळी देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. आधी रक्त तपासलं तर चारातल्या जवळजवळ तीन मुली रक्तक्षयी निघाल्या. दीडेक वर्ष नेमानं गोळी दिल्यावर प्रमाण निम्म्याच्या थोडं वर आलं. आठवड्याला एक गोळी, तिची किंमत किती असेल? बँकेत असतो तर म्हटलं असतं, इतका परतावा देणारी ठेव मी पाहिलेली नाही. पुढे अशी साप्ताहिक गोळी देशभरच्या सरकारी शाळांत आली.

आमच्या सोसायटीत धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंची मुलगी नातीच्याच वयाची, चौदाची. नगरपालिकेच्या शाळेत जाते, निळी गोळी शाळेतच बाईंसमोर घेते, असं तिनंच सांगितलं. जीभ काळी पडते म्हणून मुली तोंड वाकडं करतात, तेही सांगितलं. आई आजारी असली की चार घरची कामं तीच करते, तेव्हा शाळा बुडते. आता आठवी झाली. सरकारी सक्ती चौदाव्या वर्षी संपते, लग्नाला कायद्यानं अठरा पूर्ण लागतात. मधे चार वर्षं. मी तिच्या आईला विचारलं, जूनमध्ये नववीला घालणार ना? ती हात पुसत म्हणाली, ‘जोईए, साहेब.’